फुगणारी माती

नोकरीची बत्तीस वर्षं काळ्या मातीशी भांडण्यात गेली. परभणीकडे मे महिन्यात जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि जुलैत तीच माती फुगून कालव्याच्या अस्तराच्या फरशा उचलून टाकते. मग उकरा, मुरूम भरा, सीएनएसचा, म्हणजे न फुगणाऱ्या चिकट मातीचा, थर द्या. एका शाळेची भिंत उद्घाटनाआधीच तडकली होती. काम माझंच होतं, तेव्हा गावाचं नाव राहू द्या.

त्यामुळे स्वित्झर्लंडमधल्या बाझलहून लेक म्हणाली, "बाबा, इथे अणुकचरा मातीच्या दगडात पुरणार आहेत, बघायला येता?" तेव्हा मी फोनवरच हसलो.

सँ-उर्सान हे जुरा डोंगरातलं लहानसं गाव. तिथली मों तेरी प्रयोगशाळा १९९६ पासून चालू आहे. महामार्गाच्या बोगद्याला लागून जो सुरक्षा-बोगदा आहे, त्यातून आत जायचं. डोक्यावर साधारण ३०० मीटर डोंगर. कचरा इथे ठेवायचाच नाही, फक्त दगड कसा वागतो ते बघायचं.

दगडाचं नाव ओपालिनस क्ले. नाव पडलं ते त्यात सापडणाऱ्या, ओपलसारखी झाक मारणाऱ्या एका अमोनाइट शिंपल्यावरून. अमोनाइट म्हणजे कोण? आपल्या देव्हाऱ्यातला शाळिग्राम! गंडकीतला शाळिग्रामही अशाच जुन्या समुद्राच्या काळ्या शेलमधून निघतो. माहिती सांगणाऱ्या बाईंना हे सांगितलं, तर त्यांनी लेकीकडून दोनदा समजून घेतलं.

हा गाळ सुमारे साडेसतरा कोटी वर्षांपूर्वी समुद्रतळाशी बसला. त्यातली छिद्रं इतकी बारीक, की पाणी त्यातून वाहतच नाही. काही हललंच तर विसरणाने, न ढवळलेल्या चहात साखर पसरते तसं, आणि तेही लाखो वर्षांच्या हिशेबात. त्या छिद्रांतल्या पाण्यात जुन्या समुद्राचं मीठ अजून आहे. मला पटलं ते इथे. प्रयोगशाळेत चार महिने चाचणी घेऊन दिलेला दाखला वेगळा आणि दगडाने स्वतः दिलेला वेगळा.

सिझियमसारखे धनभारित कण मातीच्या पापुद्र्यांना चिकटून बसतात. आयोडीन-१२९ मात्र ऋणभारित, ते चिकटत नाही आणि त्याचा अर्धायुकाल दीड कोटी वर्षांच्या वर. त्याला फक्त वाटेचा संथपणा अडवतो.

मग भेगांचा विषय निघाला. बोगदा खणला की भोवतीचा दगड तडकतोच. पण पाणी लागलं की माती फुगते आणि भेग बुजते. मी बाईंना म्हटलं, आमच्याकडे हीच माती घर पाडते! त्या म्हणाल्या, तुमच्याकडे वरती मोकळं आकाश आहे. बरोबरच होतं. फुगायला जागा मिळाली की माती भिंत उचलते, डोंगराच्या ओझ्याखाली तीच माती स्वतःची भेग मिटवते. फिनलंडने नाइससारखा कठीण खडक घेतला, पण तिथेही कचऱ्याच्या तांब्याच्या डब्याभोवती बेंटोनाइट आहेच, म्हणजे आपल्या काळ्या मातीची चुलत बहीणच.

एक शंका राहिलीच. स्वित्झर्लंडचे डबे पोलादाचे. ऑक्सिजन नसताना पोलाद गंजलं की हायड्रोजन सुटतो. जी माती पाण्याला वाट देत नाही, ती वायूला सहज देईल का? त्यावर तिथे वर्षानुवर्षं प्रयोग चालू आहेत. उष्णतेचेही आहेत, खऱ्या मापाचे हीटर पुरून ठेवलेत.

निघताना बाईंनी भोक पाडून काढलेल्या दगडाच्या गाभ्याचा एक तुकडा हातावर ठेवला. राखाडी, वाळलेला, चिरोट्यासारखा पदर सुटणारा. घरी येऊन काचेच्या ग्लासात पाणी घेऊन टाकला. बुडबुडे आले, कडा ढासळल्या आणि जेवण होईतो तळाशी नुसता चिखल. लेक घाबरली, "आणि यात ठेवणार?" तिला पुन्हा ओझ्याची गोष्ट सांगावी लागली.

कचरा पुरायची खरी जागा झुरिकजवळ श्टाडेल परिसरात, २०२२ मध्ये सुचवलेली. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये परवानगीचा अर्जही गेला. पुढे सार्वमत होऊ शकतं, आणि लेक आता तिथली नागरिक. "बाबा, मत कुणाला देऊ?"

मी म्हटलं, दगड चांगला आहे. पण खाली उतरायला जो उभा दंडकूप खणतील, तो शेवटी कशाने बुजवणार आणि त्या कामावर देखरेख कोणाची, ते आधी विचार. शाळेच्या भिंतीबद्दल तिला अजून सांगितलेलं नाही.