लेहरा

९ जानेवारी

काल केमोचा पहिला डोस झाला. लाल औषध आधी. सिस्टरनं मोठ्या सिरिंजमधून हळूहळू सोडलं, रंग थेट आईच्या कोकमाच्या आगळासारखा. "आज लघवीही लाल होईल, घाबरू नको," ती म्हणाली, आणि झाली. शेवटची पिशवी काळ्या प्लास्टिकात गुंडाळलेली, त्या औषधाला उजेड सोसत नाही म्हणून. ते चालू असताना मनगटापासून कोपरापर्यंत शीर जळत होती. बाबा शेजारच्या खुर्चीत फाईल मांडीवर घेऊन सगळा वेळ बसून राहिले. गोव्याच्या सरकारी कदंब बसवर जन्म काढलेला माणूस, त्यांना बसायची सवय आहे.

एक गोष्ट लिहून ठेवतो, नाहीतर विसरेन. गाठ मला डॉक्टरनं दाखवली नाही, घुमटानं दाखवली, म्हणजे आमच्या मातीच्या मडक्याच्या वाद्यानं. चवथीच्या आरतीला घुमट गळ्यात अडकवलं तर दोरी डावीकडे, गळ्याच्या हाडाच्या वर काचायला लागली. चाचपून पाहिलं तर सुपारीएवढं काहीतरी. दुखत नव्हतं. आरत्या पूर्ण वाजवल्या, मोदकही हाणले.

ज्या डॉक्टरकडे आधी गेलो त्यांनी टीबी म्हणून गोळ्या सुरू केल्या. मानेत गाठ, संध्याकाळचा ताप, उतरणारं वजन म्हटलं की आपल्याकडे आधी टीबीच आठवतो, हे मला कळतं. पण गाठ न तपासता दोन महिने गोळ्या? रात्री गंजी पिळावी इतका घाम यायचा आणि मला सांगायचे, औषध लागू पडतंय. त्यांचं नाव इथे लिहीत नाही, वही घाण होईल.

डिसेंबरात अख्खी गाठ काढून तपासली. हॉजकिन लिम्फोमा, टप्पा दुसरा. कॅन्सरच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, हा बहुतेक वेळा पूर्ण बरा होणारा कॅन्सर आहे. त्यावर आई म्हणाली, "मग त्याला कॅन्सर कशाला म्हणता?" मॅडमना उत्तर सुचलं नाही.

सहा सायकल, एकेका सायकलीत दोन डोस, मध्ये पंधरवडा. म्हणजे बारा. माझ्यासारख्या तबलजीला बारा सांगितलं की त्याचा बारा मात्रांचा एकतालच होणार. येताना बाणस्तारीच्या पुलाजवळ गाड्या तुंबल्या होत्या, तेव्हा डोळे मिटून ठेका धरला. धीं धीं धागे तिरकिट तूं ना, क त्ता धागे तिरकिट धीं ना. काल पहिली धीं पडली.

२७ जानेवारी

दुसरा डोस झाला. घरात मासळी बंद. कुणी सांगितलं नाही, पण परवा आईनं बांगडा तव्यावर टाकला आणि मी न्हाणीघराकडे धावलो, तेव्हापासून बंद. गोव्यातल्या घरात मासळी बंद म्हणजे सुतकच. आई-बाबांचं जेवण आता मागच्या अंगणापलीकडे आत्याकडे शिजतं. बाबा तिकडून येताना चूळ भरून, हात साबणानं धुऊन येतात आणि तरी मला वास येतो. मी सांगत नाही. मला उकड्या तांदळाची पेज आणि मिठातली कैरी एवढंच जातं.

ताईनं औषधांची कुंडली काढली. त्यातलं व्हिनब्लास्टिन सदाफुलीतून आलंय म्हणे! १९५० च्या दशकात कॅनडातले संशोधक मधुमेहावर काही मिळतं का म्हणून तिची पानं तपासत होते. साखर काही उतरली नाही, उंदरांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी मात्र धडाधड उतरल्या, आणि तिथून हे औषध निघालं. आमच्या तुळशीवृंदावनामागे सदाफुलीचं रान माजलंय, शेळीसुद्धा तोंड लावत नाही. ही बातमी कुंपणापलीकडे गेली आणि दुसऱ्याच दिवशी शेजारच्या काकी पेलाभर हिरवा रस घेऊन हजर. मॅडमना फोन केला तर त्या जवळजवळ ओरडल्याच. कच्चा रस विषारी, आणि थेंबभर औषधासाठी वाळलेल्या पानांचे ढीग लागतात. काकींना म्हटलं, "घेतो हां, देव बरें करूं," आणि पेला जास्वंदीच्या मुळाशी रिकामा केला. जास्वंद अजून जिवंत आहे.

२८ फेब्रुवारी

केस गेले त्याचं काही वाटलं नाही. लिहायचंय ते वेगळंच.

सकाळी सदऱ्याचं बटण लागेना. बटण दिसत होतं, बोटं दिसत होती, पण दोघांची भेट होत नव्हती. बोटांच्या टोकांवर कुणी मेण ओतल्यासारखं. आधी मुंग्या होत्या, आता त्याही नाहीत. मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की सदाफुलीचं औषध नसांना लागतं, बोटं बधिर होऊ शकतात, बहुतेक वेळा काही महिन्यांत परत येतं. मी ऐकलं होतं आणि मान डोलावली होती. तेव्हा फक्त मरणार की नाही एवढंच ऐकू येत होतं.

दुपारी खोलीचं दार लावून तबला काढला. 'ना' वाजवायचा तर तर्जनी चाटीवर, म्हणजे काठावर पडते, पण खरं काम अनामिकेचं. ती मधल्या काळ्या शाईच्या कडेला नुसती टेकलेली असते. टेकलेली, दाबलेली नव्हे. किती टेकवायची ते मास्तर सांगू शकत नाहीत, ते बोटालाच कळतं, आणि कळायला वर्षं जातात. माझं बोट ते विसरलंय. जास्त दाबलं जातं आणि 'ना' मुका होतो, फळीवर टिचकी मारावी तसा. कमी दाबलं तर नुसता घुमतो. वीस मिनिटं बसलो. 'धा धा ति ट धा धा तूं ना' हा पोरांना पहिल्या वर्षी देतात तो कायदा, बोलांची बांधलेली रचना, तो मला येईना. माझं वय सव्वीस आणि मी सहाव्या वर्षापासून वाजवतोय. गवसणी घातली आणि कपाटाच्या वर ठेवून दिला.

आई दाराबाहेर उभी होती हे नंतर ताईकडून कळलं.

संध्याकाळी पेटीवाला आला. आम्ही पाचवीपासून एकत्र वाजवतो. तो दर शनिवारी येतो, पायरीखाली चपला काढतो, हात धुतो, तोंडाला मास्क लावतो. "कसं वाटतं?" असं त्यानं आजवर एकदाही विचारलेलं नाही. बाकीचे सगळे विचारतात, आणि "खंबीर राहा" म्हणतात. खंबीर राहायचं म्हणजे नक्की काय करायचं ते एकानं तरी सांगावं. आज त्यानं कपाटावरची गवसणी पाहिली, काही बोलला नाही. पेटी उघडली आणि विलंबित तीनतालाचा लेहरा धरला.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी (ही वही दुसरं कोण वाचणार, पण असो): स्वतंत्र तबलावादनात पेटीवाला एकच छोटी चाल पुन्हापुन्हा वाजवत राहतो, तीनताल असेल तर सोळा मात्रांची. तबलजी वाटेल तिथे भटकतो आणि त्या चालीमुळे घरी परत येतो. सगळ्यात कंटाळवाणं काम. टाळ्या तबलजीला. आज तबला कपाटावर, तबलजी कॉटवर आडवा, आणि हा गडी पाऊण तास चंद्रकंस रागातला लेहरा वाजवत बसला. मी आधी भिंतीकडे तोंड केलं. मग कधीतरी बोटांची पेरं मोजायला लागलो. आठव्या-दहाव्या आवर्तनाला मनात एक तिहाई, तीनदा वाजवायचा तुकडा, बसली. समेवर, पहिल्या मात्रेवर, बरोबर आली. त्याला कसं कळलं देव जाणे, पण त्यानं त्याच क्षणी मान हलवली.

४ मार्च

पेट स्कॅन स्वच्छ. चार डोसांत गाठी विझल्या. बाकीचे डोस घ्यायचेच आहेत, पण फुप्फुसांना जपायचं म्हणून त्यातलं ब्लिओमायसिन आता काढून टाकणार. बाबांनी येताना जुन्या गोव्याला गाडी थांबवून चहा घेतला आणि चहावाल्याला शंभराची नोट देऊन सुटे न घेताच निघाले. ते असं कधीच करत नाहीत.

५ एप्रिल

एकताल मोडला. सातवा डोस २ तारखेला होता. आदल्या रात्री दीडला थर्मामीटर १०१ वर. नियम असा की १००.४ च्या वर गेला तर सकाळची वाट बघायची नाही. बाबांनी पंधरा मिनिटांत गाडी बाहेर काढली होती. पांढऱ्या पेशी जवळजवळ नाहीतच. तेव्हापासून सलाईनमधून अँटिबायोटिक, वेगळी खोली, भेटायला बंदी. डोस आठवडाभर पुढे.

खरं सांगायचं तर ती बाराची उपमा मला अलीकडे खटकायलाच लागली होती. ताल धरायला कुणीतरी शुद्धीवर लागतं. मास्तरांना फोनवर म्हटलं, लय तुटली. मास्तर फोंड्याचे, बोलायला फटकळ. म्हणाले, "तुटली तर तुटली. खाप्रूमामा एका हातानं एक ताल दाखवायचे, दुसऱ्या हातानं दुसरा, असं आम्ही ऐकत आलो. तू खाप्रूमामा आहेस काय? झोप." आणि फोन ठेवला. लयभास्कर खाप्रूमामा पर्वतकर म्हणजे गोव्यातले लयकारीचे दिग्गज, त्यांचं नाव घेऊन मला आजवर अनेकदा झापलंय, पण झोपायला पहिल्यांदाच सांगितलं.

काल शनिवार. सहाला पेटीवाल्याचा फोन. उचलला तर पलीकडून लेहराच सुरू. फोन उशीवर ठेवला. दहा मिनिटांनी सिस्टर आत आली, ऐकत उभी राहिली आणि म्हणाली, "रेकॉर्ड अडकलीय का तुमची?"

२० एप्रिल

माझ्या जत्रांच्या नाटकांना या वर्षी मास्तरांचा धाकटा शिष्य बसला. परवा तो पाकीट घेऊन आला, सगळ्या बिदागीतला अर्धा वाटा. मी त्याला फार वाईट बोललो. भीक नको, जागा हवी होती तर तसं सांगायचं, वगैरे. पोरगं एकोणीस वर्षांचं, पाकीट पायरीवर ठेवून रडत गेलं. ताई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, बरोबरच केलं तिनं. त्याला फोन केला तेव्हा म्हणाला, "दादा, तुमचा डग्गा वापरला मी, त्याचं भाडं समजा." पैसे घेतले.

१९ जून

काल शेवटचा डोस. पाऊस असा की बांबोळीचा चढ दिसत नव्हता. १८ जून, गोव्याचा क्रांतिदिन. बाबा म्हणाले, मडगावात राममनोहर लोहिया पोर्तुगीजांविरुद्ध बोलायला उभे राहिले तेव्हाही असाच पाऊस होता. मला उलटी येत होती, इतिहास नको होता. घरी आलो तर आईनं विचारलं, "संपलं?" मी हो म्हटलं. ती आत जाऊन मिक्सरवर नारळ वाटायला लागली, मिक्सर नेहमीपेक्षा बराच वेळ चालू होता.

श्रावण

शेवटचा स्कॅनही चांगला आला. तपासण्या चालू राहतील. परवा अंगणात बांगडे भाजले, मी दोन खाल्ले.

काल रात्री वास्कोला गेलो. दामोदराच्या सप्ताहात चोवीस तास भजन खंडू द्यायचं नसतं. प्लेगच्या साथीत सुरू झालेली ही रीत. आमच्या पथकाची पाळी मध्यरात्रीनंतरची. मला गर्दीपासून लांब, खांबाजवळ बसवलं होतं, तोंडाला मास्क. दोनच्या सुमाराला मास्तरांच्या धाकट्या शिष्यानं माझ्याकडे पाहिलं आणि बसल्या जागी थोडा सरकला. डावा हात त्यानं डग्ग्यावर चालू ठेवला, मी उजव्यावर हात टाकला, मग त्यानं डावाही सोडला. भजनकऱ्यांपैकी कुणी वळूनही पाहिलं नाही. साधा भजनी ठेका, पंधरा-वीस मिनिटं. तर्जनीला चाट लागते आता. अनामिकेला कधी कळतं, कधी नाही. दरवेळी डोळ्यांनी पाहून टेकवावी लागते.

पुढचं पथक आलं, त्यांच्या तबलजीनं तसाच हात टाकला आणि मी उठलो. बाहेर खाज्यांच्या दुकानांसमोर चिखलात उभे राहून आम्ही चहा घेतला. पेटीवाल्यानं कप संपवला, चुरगाळला, आणि म्हणाला, "'ना' अजून मुका आहे तुझा. शनिवारी येतो."