आमची वाटचाल : गेटपासून चावीपर्यंत

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये भाड्याच्या गाळ्यात दादा आणि मी लोखंडी गेटं, ग्रिल आणि रोलिंग शटर बनवायचो. दादाचा हात वेल्डिंगवर, माझा मोटर आणि वायरिंगवर. सोसायट्यांना आपोआप सरकणारी गेटं हवीशी झाली तशा मोटरी बसवू लागलो, मग बूम बॅरियर (गाडी अडवणारा, वर-खाली होणारा दांडा), मग कॅमेरे. उरण आणि कळंबोलीकडच्या कंटेनर यार्डांची कामं वाढल्यावर गाळा तुर्भ्याला हलवला. तिथूनच भाड्याच्या गाड्यांच्या यार्डांपर्यंत पोहोचलो.

8 ऑक्टोबर 2025 ला नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं आणि 25 डिसेंबरपासून प्रवासी विमानं सुरू झाली. टर्मिनलचा बंदोबस्त सीआयएसएफ या केंद्रीय सुरक्षा दलाकडे असतो. पण सेल्फ-ड्राइव्हची, म्हणजे ग्राहक स्वतः चालवतो ती भाड्याची गाडी बाहेर जिथे परत घेतात, धुतात, उभी करतात, ते यार्ड ज्याचं त्याने सांभाळायचं.

यार्डाचे मालक पहिल्या भेटीत कुंपणाबद्दल विचारतात. भिंत किती उंच घेऊ, तार किती पदरी लावू? तार लावायलाच हवी, कारण टायर, बॅटरी आणि डिझेल चोरणारा भिंतीवरूनच येतो. पण अख्खी गाडी कधी भिंतीवरून जात नाही. ती गेटातून जाते, आणि बऱ्याचदा स्वतःच्याच चावीने. म्हणून आम्ही आधी चावीच्या मागे मागे फिरतो. ग्राहकाला विमान गाठायचं असतं, तो इंजिन चालू ठेवूनच गाडी सोडतो. एक मुलगा ओरखडे तपासतो, दुसरा गाडी धुवायला नेतो, तिसरा रांगेत लावतो, आणि तोवर चावी गाडीतच असते. अंगात कंपनीसारखा टी-शर्ट घातलेला कुणीही त्या गाडीत बसला, तर विचारणार कोण?

यावर आमचा आग्रह एकच : चावी एका वेळी एकाच माणसाच्या नावावर. गाडी आली की चावी लगेच काढून घ्यायची. धुणाऱ्याला ती स्वतःचा पिन नंबर टाकून चाव्यांच्या कुलूपबंद कपाटातून घ्यावी लागते आणि परत ठेवावी लागते. जादा चावी यार्डात ठेवायचीच नाही, ती मुख्य ऑफिसच्या तिजोरीत. कपाट जाड पत्र्याचं, दार घट्ट बसणारं. बिनचावीच्या स्टार्टवाल्या गाड्यांच्या रिमोटचा सिग्नल बाहेरून उचलून गाडी उघडता येते, आणि असं कपाट तो सिग्नल बराच अडवतं.

गेटावर दुसरी फळी. बूम बॅरियरचा दांडा ॲल्युमिनियमचा असतो, जोरात गाडी घातली तर तुटतो. त्यामुळे बाहेर जाणाऱ्या लेनमध्ये टायर किलर, म्हणजे टायर फोडणाऱ्या खिळ्यांची पट्टी बसवतो. त्याचे खिळे भाड्याचा करार सुरू झालेल्या गाडीसाठीच खाली जातात. गाडी ओळखायला काचेवरचा फास्टॅग वाचतो, जोडीला नंबरप्लेट वाचणारा कॅमेरा. सेल्फ-ड्राइव्हच्या गाड्यांना काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असतात. पांढऱ्या पाटीला सरावलेलं सॉफ्टवेअर तिथे अडखळतं, म्हणून ते त्याच यार्डातल्या गाड्यांवर, रात्रीच्या उजेडात बसून जुळवावं लागतं. कॅमेरा मागच्या प्लेटवर रोखतो, समोरून हेडलाइटने चित्र पांढरं होतं.

एवढा खटाटोप का, ते इथला नकाशा बघितला की कळतं. विमानतळाजवळच्या उलव्याच्या बाजूने निघालेली गाडी एकीकडे अटल सेतूवरून मुंबईत शिरते, दुसरीकडे कळंबोलीहून एक्स्प्रेसवेला लागते. जीपीएसवर ठिपका दिसेपर्यंत ती कुठल्या कुठे गेलेली असते. थांबवायची तर गेटावरच.

इथल्या जमिनीनेही आम्हाला बरंच शिकवलं. भरावाची जमीन, खाडीचा खारा वारा आणि कोकणातला पाऊस. टायर किलरच्या खड्ड्याला आधी निचऱ्याची नाली, मगच यंत्र. नट-बोल्ट स्टेनलेसचे, केबल पाइपातून, अर्थिंग दर पावसाळ्याआधी मोजायचं. वीज गेली की गाड्यांचा दांडा खालीच राहतो आणि हाताने फिरवून उचलता येतो. माणसांचं दार मात्र आतून केव्हाही ढकलून उघडता आलं पाहिजे. आग लागली तर कुणी आत अडकता कामा नये, या बाबतीत आम्ही कुणाचंही ऐकत नाही.

आणि गेटावरचा गार्ड. एजन्सीकडे 2005 च्या खासगी सुरक्षा एजन्सी कायद्याखालचं लायसन्स आहे का, हे आम्ही मालकांना बघायला लावतो. त्याच्या केबिनला पंखा, पिण्याचं पाणी, जवळ शौचालय आणि दोन्ही लेन दिसतील अशी काच आमच्या आराखड्यातच असते. एका यार्डाने केबिन वगळून फक्त कॅमेऱ्यांचा दर मागितला. ते काम आम्ही घेतलं नाही. उन्हात बारा तास उभा असलेला माणूस मध्यरात्री कुठल्या गाडीचे कागद नीट बघणार?

सध्या चावीचं कपाट आम्ही स्वतःच बनवतोय. पत्रा आणि कुलूप दादाकडे, सर्किट माझ्याकडे. पहिला नमुना एका यार्डात लावला आहे. ओल्या हातांनी पिनची बटणं नीट दाबली जात नाहीत अशी धुणाऱ्या मुलांची तक्रार आली, म्हणून आता मोठ्या रबरी बटणांचं पॅनेल तयार होतंय.