पाच कॅनचा नियम आणि मामांचे पैसे

परवा रविवारी निपाणीहून मामांचा फोन आला. महामार्गाच्या रुंदीकरणात गेलेल्या जमिनीचा मोबदला त्यांच्या हाती आला आहे आणि गांजाचा अर्क घातलेल्या शीतपेयांना कॅनडा-अमेरिकेत केवढी मागणी आहे, याचे व्हिडिओ त्यांना कोणीतरी पाठवले आहेत. "आपण तंबाखू पिकवलेली माणसं, असल्या धंद्याचं आपल्याला काय भ्या?" असे म्हणत ते पैसे गुंतवण्याविषयी विचारू लागले. फोनवर मला नीट सांगता आले नाही. बेळगाव-खानापूरकडच्या आणखी काही घरांतही हाच विचार चालू असेल, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

गांजा येथे, म्हणजे मी राहतो त्या कॅनडात, १७ ऑक्टोबर २०१८ रोजी कायदेशीर झाला. पेयांना आणखी एक वर्ष थांबावे लागले. ओटावातल्या परवानाधारक दुकानात मिळणाऱ्या एका कॅनमध्ये टीएचसी, म्हणजे नशा आणणारा घटक, जास्तीत जास्त १० मिलिग्रॅम असतो आणि ते प्रमाण कॅनवर छापलेले असते. या काटेकोरपणाचे मला मनापासून कौतुक वाटते, कारण विडीच्या बंडलावर निकोटिनचे प्रमाण छापलेले मी निपाणीत कधी पाहिले नाही.

परंतु याच काटेकोर सरकारने केलेला एक हिशेब आठवला की आजही संताप येतो. सार्वजनिक ठिकाणी प्रत्येकाला ३० ग्रॅम वाळलेला गांजा किंवा त्याच्या बरोबरीचा माल बाळगता येतो. ही बरोबरी ठरवताना ७० ग्रॅम पेय म्हणजे १ ग्रॅम गांजा असे धरले गेले, म्हणजे आतल्या नशेऐवजी पाण्याचे वजन मोजले गेले. परिणामी ३५५ मिलिलिटरचे पाच कॅन घेतले की मर्यादा संपत असे. शेजारच्या दुकानातून बिअरच्या पेट्या मात्र कितीही नेता येत. डिसेंबर २०२२ मध्ये ७० चे ५७० ग्रॅम झाले आणि पाचांचे ४८ कॅन झाले, पण तोवर तीन वर्षे गेली होती. आपल्याकडचा कोणताही अडत्या असा हिशेब पहिल्याच दिवशी फेटाळून लावता! शिवाय गांजाचे पेय आणि साधे खाद्यपेय एकाच इमारतीत बनवता येत नाही. त्यामुळे ज्यांच्याकडे बाटलीबंद पेयांचे तयार कारखाने होते, त्यांनाही स्वतंत्र इमारत उभारावी लागली.

ओटावाहून तासाभराच्या अंतरावर स्मिथ्स फॉल्स नावाचे गाव आहे. तेथील हर्शीचा चॉकलेट कारखाना २००८ मध्ये बंद पडला आणि पुढे तेथे कॅनोपी ग्रोथ ही गांजा कंपनी आली. कोरोना बिअर अमेरिकेत विकणाऱ्या कॉन्स्टेलेशन ब्रँड्सने २०१८ मध्ये या कंपनीत ५ अब्ज कॅनेडियन डॉलर घालण्याचे जाहीर केले. त्यामागे पेयांचीच मोठी आशा होती. त्या गुंतवणुकीचे बहुतांश मूल्य नंतर बुडाले आणि २०२३ मध्ये तो कारखाना हर्शीने परत विकत घेतला. ज्यांच्यापाशी वकिलांच्या फौजा होत्या त्यांची ही गत झाली.

मीही २०१९ मध्ये अशाच एका कंपनीचे शेअर घेतले होते आणि निम्म्याहून अधिक रक्कम गमावली. तो जुगार होता असे मला आजही वाटत नाही. मी माल पाहिला होता, गिऱ्हाईक पाहिले होते, फक्त नियमावली वाचली नव्हती.

मामांना आलेले व्हिडिओ बहुधा अमेरिकेतील हेम्पच्या, म्हणजे कमी टीएचसी असलेल्या गांजाच्या, पेयांचे आहेत. तो बाजार २०१८ च्या कृषी कायद्यातील एका पळवाटेवर उभा राहिला. नोव्हेंबर २०२५ मध्ये झालेल्या केंद्रीय कायद्याने एका डब्यात ०.४ मिलिग्रॅमहून अधिक टीएचसी चालणार नाही असे ठरवले आणि अंमलासाठी एका वर्षाची मुदत दिली. तेथील अनेक पेयांत ५ मिलिग्रॅम असते, हे लक्षात घ्यावे.

तंबाखूच्या दरासाठी १९८१ मध्ये निपाणीचा शेतकरी रस्त्यावर उतरला होता. पिकाचा भाव शेताबाहेर ठरतो हे आपल्या माणसांना कोणी शिकवायला नको, आणि म्हणूनच मामांच्या पैशांची मला अधिक काळजी वाटते. रिझर्व्ह बँकेच्या योजनेनुसार एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते, त्यामुळे मामांचे पैसे येथे येऊ शकतील. पण ते माझ्या हातून येऊ नयेत असे मी ठरवले आहे. मामा, मे महिन्यात मी येईपर्यंत रक्कम ठेवीत राहू द्या. या नियमांचे कागद मी सोबत आणतो, आपण ओसरीवर बसून ते ओळीने वाचू.