चार कॅमेरे, एक फुगा आणि उलटा चाललेला काळ

मंडळी, एकाच फुग्याच्या फुटण्याचे चार वेगळे क्षण चार कॅमेऱ्यांत पकडले की मगच पुढची नोंद टाकेन, असं मागे म्हणालो होतो. पकडले. फक्त काळ उलटा निघाला.

डावीकडच्या पहिल्या कॅमेऱ्यात रबराच्या चिंध्या. दुसऱ्यात अर्धा सोललेला फुगा. तिसऱ्यात सुईपासून निघालेली चीर. आणि ज्याला सगळ्यात शेवटी उजेड मिळायला हवा त्या चौथ्यात गुबगुबीत अख्खा फुगा, सुई नुकती टेकलेली! दोन रात्री प्रोग्रॅम उपसत बसलो. चूक प्रोग्रॅममध्ये नव्हतीच. ती कुठे होती ते खाली येईलच, तोवर ओळखून बघा.

नव्यांसाठी थोडक्यात. अमळनेरला माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. दिवसा विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी आणि रात्री शटर ओढून हा उद्योग. कॅमेरे म्हणजे कॅननचे चार जुने पॉवरशॉट, लोकांनी फोन आल्यावर कपाटात टाकलेले. त्यांत सीएचडीके टाकलंय, म्हणजे कॅननच्या कॅमेऱ्यांना जास्तीच्या सोयी देणारं फुकट सॉफ्टवेअर. त्यामुळे यूएसबीच्या भोकात ५ व्होल्ट दिले की शटर उघडतं, आणि फोकसही हाताने बांधून ठेवता येतो. अंधारात ऑटोफोकस नुसता भिरभिरतो, म्हणून हे लागतंच.

“दादा, फोनमध्ये ९६० फ्रेमचा स्लो मोशन आहे ना, मग एवढा खटाटोप कशाला?” असं दर नोंदीनंतर कुणीतरी विचारतंच. हिशोब करा. ९६० फ्रेम म्हणजे दोन फ्रेममध्ये एक मिलिसेकंदाहून थोडं जास्त अंतर. माझ्या फुग्याची फाटलेली कड सेकंदाला सुमारे १३० मीटरने पळते (हे कसं मोजलं ते पुढे सांगतो). एका मिलिसेकंदात ती १३ सेंटिमीटर जाते आणि फुगा आहे १५ सेंटिमीटरचा. म्हणजे एका फ्रेममध्ये फुगा आणि पुढच्या फ्रेममध्ये नुसती दोरी. मधला सगळा तमाशा दोन फ्रेमच्या फटीत होऊन जातो.

शटर कितीही वेगवान करा, इथे पुरत नाही. म्हणून अंधार करायचा, शटर सताड उघडं ठेवायचं आणि वेळेचा तुकडा उजेडाने कापायचा. एलईडी दोन मायक्रोसेकंद पेटली तर फोटो दोन मायक्रोसेकंदांचा, शटर पाच सेकंद उघडं असलं तरी. तेवढ्या वेळात फुग्याची कड पाव मिलिमीटरच सरकते, म्हणून चित्र धारदार येतं.

एका कॅमेऱ्यापुरतं हे सोपं आहे, आपल्यापैकी अर्ध्या लोकांनी दुधाचा थेंब असाच टिपलाय. पण चार कॅमेरे लावले आणि चार एलईडी मागोमाग पेटवल्या, तर प्रत्येक कॅमेऱ्यात चारही क्षण एकावर एक चढतात, कारण शटर सगळ्यांचीच उघडी. पहिले तीन महिने मी इथेच अडकलो होतो. लाल, हिरव्या, निळ्या एलईडी आणि तसल्याच रंगाच्या काचा लावून पाहिल्या. लाल काचेतून थोडा हिरवा गळतोच. शिवाय चौथा रंग आणायचा कुठून?

उत्तर १९२९ सालचं निघालं. जर्मनीत कार्ल क्रान्झ आणि ह्युबर्ट शार्डिन या दोघांनी बंदुकीच्या गोळ्यांसाठी एक जुगाड केला होता (त्यांना जुगाड म्हटलेलं आवडलं नसतं, पण तो जुगाडच आहे). मध्ये एक मोठं भिंग. एका बाजूला ठिणग्यांची रांग, दुसऱ्या बाजूला कॅमेऱ्यांच्या भिंगांची रांग. मोठं भिंग प्रत्येक ठिणगीची प्रतिमा नेमकी एकाच कॅमेऱ्याच्या डोळ्यात पाडतं. बाकी कॅमेऱ्यांना ती ठिणगी दिसतच नाही. शटर सगळी उघडी, तरी ज्याचा उजेड त्यालाच. वाचलं तेव्हा दुकानातच मांडीवर थाप मारली, समोरचं गिऱ्हाईक दचकलं.

ठिणग्यांच्या जागी मी तीन वॅटच्या एलईडी घेतल्या. मोठं भिंग म्हणजे पुस्तक वाचायला मिळतो तो ए-फोर आकाराचा प्लास्टिकचा पत्रा, फ्रेनेल भिंग. त्याचं नाभीय अंतर मोजायला अंगणात उन्हात धरलं. ३० सेंटिमीटरवर ठिपका बारीक झाला आणि खाली ठेवलेल्या पुठ्ठ्यातून धूर निघाला. मे महिन्यातलं आपलं ऊन आहे ते, तेव्हा सांभाळून, आणि वापर झाला की भिंगावर कापड टाकून ठेवा. दुप्पट नाभीय अंतरावर वस्तू ठेवली की तिची प्रतिमा पलीकडे तेवढ्याच अंतरावर आणि तेवढ्याच आकाराची पडते. ३० च्या दुप्पट ६०, म्हणून भिंगापासून ६० सेंटिमीटरवर एलईडी, पलीकडे ६० वर कॅमेरे. दोन एलईडींत १० सेंटिमीटर, म्हणून दोन कॅमेऱ्यांतही १०. फुगा कॅमेऱ्यांच्या बाजूला, भिंगापासून हातभर नाही, वीतभरही नाही, १० सेंटिमीटरवर. भिंगाला अगदी चिकटवला तर फ्रेनेलच्या गोल रेघा फोटोत स्पष्ट उमटतात.

जुळवणीला फार तामझाम नको. एक एलईडी मंद पेटवायची, कॅमेऱ्याच्या डोळ्यासमोर पांढरा कागद धरायचा आणि उजेडाचा ठिपका कॅमेऱ्याच्या भिंगाच्या मधोमध येईपर्यंत कॅमेरा सरकवायचा. मग कागद काढून स्क्रीनवर बघायचं. ठिपका नीट बसला असेल तर अख्खा पत्रा दिव्यासारखा उजळून निघतो. अर्धा सेंटिमीटर सरकला की काळोख. पहिल्यांदा तो पत्रा उजळला तेव्हा मी हे काम सोडून पाच मिनिटं नुसता बघत बसलो होतो.

आता उलट्या काळाचं. भिंग प्रतिमा उलटी पाडतं, हे आपण सातवी-आठवीत शिकलो. म्हणजे डावीकडची एलईडी उजवीकडच्या कॅमेऱ्यात जाणार. मी मात्र एलईडीवर डावीकडून १, २, ३, ४ लिहिलं आणि कॅमेऱ्यांवरही डावीकडूनच. कागद धरून जुळवताना प्रत्येक ठिपका कुठून येतोय ते डोळ्यांनी पाहिलं होतं, तरी डोक्यात शिरलं नाही. भाचा नववीत आहे. त्याने एकदाच बघितलं आणि म्हणाला, “मामा, भिंग उलटं करतं ना?” त्याला दुसऱ्या दिवशी आईस्क्रीम. स्टिकर बदलले, काळ सुलटा झाला.

विजेच्या बाजूच्या दोन गोष्टी, कारण इथेच बहुतेकांचं गाडं अडेल. एलईडी पेटवायला मी अर्डुइनो उनो हा छोटा कंट्रोलर बोर्ड वापरतो. त्यावर नेहमीच्या डिजिटलराइट हुकमाने दोन मायक्रोसेकंदांचा झटका देता येत नाही, तो हुकूमच तीन-चार मायक्रोसेकंद खातो. पोर्टच्या रजिस्टरवर (चिपच्या पिना चालू-बंद करणाऱ्या कप्प्यावर) थेट लिहा. १६ मेगाहर्ट्झला एक टिक ६२.५ नॅनोसेकंदांची, तेव्हा हवं तेवढं बारीक कापता येतं. आणि त्या वेळापुरते इंटरप्ट (चिपला चालू कामातून मध्येच दुसरीकडे ओढणारे हुकूम) बंद करा, नाहीतर मधूनच टायमर डोकं वर काढतो. दुसरं म्हणजे कपॅसिटर आणि मॉस्फेट (करंट चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) एलईडीच्या अंगालाच लावा. मी सुरुवातीला सगळं टेबलाखाली ठेवून मीटरभर वायर वर नेली होती. एवढ्या वायरीचं इंडक्टन्स करंटला चढूच देत नाही. एलईडी पेटायची, पण मरतुकडी. रोज गुंडाळ्या भरणाऱ्या माणसाला हे उशिरा सुचावं, याची लाज वाटते. आता झटक्याला साधारण पाच अँपिअर जातात. एलईडी सातशे मिलिअँपिअरची असली तरी दोन मायक्रोसेकंदांत ती तापायला वेळच मिळत नाही. मात्र प्रोग्रॅम अडकून ती चालू राहिली तर संपली. एक गेली माझी.

ट्रिगरची, म्हणजे एलईडींना सुरुवातीचा इशारा देण्याची, कथा वेगळीच. आवाजावर ट्रिगर केला तर उशीर होतो, माइक १० सेंटिमीटर लांब असला तरी आवाज पोचेपर्यंत पाव मिलिसेकंदाहून जास्त जातो. म्हणून ठरवलं की सुई फुग्याला टेकली तेव्हाच सर्किट पुरं व्हावं. फुग्यावर ॲल्युमिनियमची चिकटपट्टी लावली, तिला एक वायर, सुईला दुसरी. भाच्याने सुई खुपसली. चारही एलईडी चमकल्या, चारही फोटो एक नंबर आले. चारहींत अख्खा फुगा, सुई आत! जादूगार लोक करतात तीच गंमत झाली होती, चिकटपट्टी चीर पसरूच देत नाही. शेवटी स्वयंपाकघरातला फॉइलचा नखाएवढा तुकडा, कडेला ३६ गेजची वाइंडिंग वायर खरवडून दुमडलेली, आणि चिकटवायला नुसतं पाणी. आता फुगा फुटतो. सुई फुग्याच्या कडेला टोचायची, म्हणजे कॅमेऱ्याला त्याची किनार दिसते तिथे. मागून उजेड असल्याने रबर मागे सरलं की तिथे लख्ख पांढरं दिसतं.

सध्याची वेळ अशी बांधलीय: सुई टेकल्यावर ५०, २५०, ४५० आणि ६५० मायक्रोसेकंद. दुसऱ्या-तिसऱ्या चित्राच्या मध्ये कड २.६ सेंटिमीटर सरकली, २०० मायक्रोसेकंदांत. म्हणून १३० मीटर. हा आकडा थोडा मागेपुढे होईल, कारण शेजारचे दोन कॅमेरे फुग्याकडे सुमारे ११ अंशांच्या फरकाने बघतात. फुग्याच्याच पातळीत दोन खिळे ठोकलेत, चारही फोटो त्यांवर जुळवून मगच मोजपट्टी लावतो.

तिसरं चित्र मी मोठं करून दुकानात लावलंय. किनार सरळ फाटत नाही. सुईच्या जागेपासून दोन चिरा निघाल्यात आणि त्यांच्या मधली जीभ आपल्याच अंगावर सुरकुतत आत ओढली गेलीय, जुन्या सायकलच्या ट्यूबसारखी. फुग्याचा उरलेला तीन चतुर्थांश भाग अजून अगदी गोल. हवा निघून गेलीय हे त्याला अजून कळलेलंच नाही. माझ्या मायने चष्मा लावून नीट पाहिलं आणि म्हणाली, “फुगा फोडाले चार कॅमेरा लागतस का रे भाऊ?” लागतात, माय.

दोन गोष्टी अजून बोचतात. प्लास्टिकच्या भिंगात उजेड विखुरतो, त्यामुळे प्रत्येक फोटोत बाकी तिघांचं फिकट भूत दिसतं. आणि कडेच्या दोन कॅमेऱ्यांत कोपरे काळे येतात. काचेचं एवढं मोठं भिंग परवडणार नाही. कुणी एलईडीपुढे बारीक भोकाची पट्टी लावून पाहिलीय का?

ही पद्धत कुठे चालत नाही तेही सांगतो, कारण मागे एकाने वळवाच्या पावसातली वीज टिपायची का, असं विचारलं होतं. जी गोष्ट स्वतःच उजेड फेकते, तिचा उजेड आपल्या हातात नसतो. तिथे कॅमेऱ्याच्या तोंडाशीच दार हवं. हॅरल्ड एजर्टन या अमेरिकन अभियंत्याने अणुस्फोटांसाठी रॅपाट्रॉनिक कॅमेरा बनवला तो यासाठीच. त्यात यांत्रिक शटर नाही, पोलरायझर (ठरावीक दिशेचाच उजेड सोडणाऱ्या काचा) आणि मध्ये विजेने क्षणभर उघडणारी काच. एका कॅमेऱ्यातून एकच फोटो, म्हणून एका स्फोटाला असे कॅमेरे ओळीने लावायचे.

दिवसाच्या उजेडाचंही तेच. म्हणून सारंगखेड्याचा बेत निराळा आहे. दत्तजयंतीच्या यात्रेत तापीकाठी घोड्यांचा बाजार भरतो, तिथे चौखूर पळणारा घोडा मायब्रिज या जुन्या फोटोग्राफरच्या रीतीने पकडायचाय. १८७८ च्या जूनमध्ये त्याने अमेरिकेतल्या पालो आल्टोला १२ कॅमेरे ओळीत मांडले, वाटेवर आडव्या तारा टाकल्या आणि सॅली गार्डनर नावाची घोडी त्यावरून पळवली. एका क्षणी चारही खूर जमिनीवरून सुटतात हे तेव्हा दिसलं, आणि ते पाय पोटाखाली गोळा झालेले असताना, जुन्या चित्रांत दाखवत तसे पुढेमागे ताणलेले असताना नव्हे. सेकंदाला १२ मीटरने घोडा एक मीटर जायला सुमारे ८३ मिलिसेकंद घेतो. तिथे माझे पॉवरशॉट स्वतःच्या शटरवर पुरतील, त्यांचा आपसातला थोडाफार मागेपुढेपणा खपून जाईल. आडव्या तारा मात्र नकोत, घोडेवाले मला तापीत बुडवतील. आयआर बीम (न दिसणाऱ्या इन्फ्रारेड उजेडाचा झोत) लावणार.

त्याआधी पोळा, तेव्हा आसूड टिपायचाय. आसूडाचा फटका म्हणजे टोकाने आवाजाचा वेग ओलांडलेला असतो, सेकंदाला सुमारे ३५० मीटर. ५० मायक्रोसेकंदांच्या अंतराने चार फोटो घेतले तर टोक दर वेळी पावणेदोन सेंटिमीटर सरकलेलं दिसायला हवं, आणि उजेड मागून असल्याने हवेतली लाटही दिसावी. अडचण एवढीच की ते टोक दर वेळी ए-फोरच्या चौकटीत आणणारा माणूस हवा. शेजारच्या गल्लीतले एक बाबा तयार झालेत, पण त्यांना दुकानातला अंधार पसंत नाही.

आणि हो, गेल्या आठवड्यात सुई लांब असतानाच चारही एलईडी आपोआप चमकायच्या. कारण सापडलं. शेजारची पिठाची गिरणी सुरू झाली की तिच्या मोटारीचा झटका लायनीतून ट्रिगरच्या वायरीत येतो. ती मोटार मीच भरून दिलीय, त्यामुळे तक्रार कुणाकडे करणार? ट्रिगरची वायर आता शील्डेड टाकलीय, तरी गिरणी नऊला बंद होते, मी साडेनऊला बसतो. शंभराच्या पाकिटातले ३७ फुगे उरलेत.