एकतर्फी हुकूमनामा झाला? आधी रोजनामा काढा

एकतर्फी हुकूमनामा म्हणजे आपण हजर नसताना कोर्टाने दिलेला निकाल. गावात तो बहुतेक वेळा बेलिफासोबतच, म्हणजे कोर्टाचे कागद बजावणाऱ्या माणसासोबतच, कळतो. जुनी हप्त्यावरची मोटारसायकल, मधेच थकलेले हप्ते आणि एक दिवस दरखास्तीची, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीची, नोटीस. तोवर दावा कधी लागला, निकाल कधी झाला, घरात पत्ता नसतो. कर्ता माणूस सुरतेला नाहीतर पुण्याला कामावर. अशा वेळी घाबरून वसुलीवाल्याला फोन करू नका. नोटीस घ्या, सहीखाली तारीख टाका.

कारण हुकूमनामा रद्द करून घेण्याच्या अर्जाची मुदत 30 दिवसांची आहे. समन्स, म्हणजे कोर्टात हजर राहायचा कागद, रीतसर बजावलं असेल तर ती हुकूमनाम्याच्या तारखेपासून मोजतात, बजावलं नसेल तर हुकूमनामा कळल्यापासून. अर्ज त्याच कोर्टात, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 9 नियम 13 खाली. मुदत उलटली असेल तर विलंब माफीचा वेगळा अर्ज आणि प्रतिज्ञापत्र सोबत लागतं.

पण अर्ज लिहिण्याआधी तालुक्याच्या कोर्टात प्रती मिळवायला नक्कल अर्ज टाका: दावा, रोजनामा (तारखेवार कामकाजाची नोंद), हुकूमनामा आणि समन्सवरचा बेलिफाचा अहवाल. खरी लढाई या शेवटच्या कागदावर आहे. समन्स कोणाच्या हाती दिलं ते बघा. माणूस घरी नसेल आणि लवकर सापडण्यासारखा नसेल, तर सोबत राहणाऱ्या घरच्या सज्ञान माणसाला, बाईमाणसालाही, ते देता येतं. शेजाऱ्याला किंवा गड्याला दिलेलं चालत नाही. दाराला चिकटवलं असेल तर कोणासमोर, कोणत्या घराच्या दाराला? पाकीट 'घेण्यास नकार' शेऱ्याने परत गेलं असेल तर मात्र कोर्ट सहसा बजावणी झाली असंच धरतं.

सगळ्यात जास्त अर्ज इथेच फसतात: पानभर लिहिलेलं असतं की व्याज जास्त लावलं, गाडी ओढून नेली. कोर्टाचा प्रश्न एवढाच असतो, तारखेला का आला नाहीत? त्याला पुरावा द्या. कामावरचं हजेरीपत्रक, दवाखान्याचा डिस्चार्ज कागद, भाडेकरार. बचाव थोडक्यात जोडा, तो पोकळ नाही हे दिसलं पाहिजे. आणि नुसती बजावणीतली तांत्रिक चूक पुरत नाही. तारीख माहीत होती आणि यायला पुरेसा वेळ होता, असं दिसलं तर अर्ज फेटाळला जातो.

बचावात पहिली तपासायची गोष्ट म्हणजे दावा लावायची मुदत. साध्या कर्जाच्या वसुलीला साधारण 3 वर्षं. हप्त्यांच्या करारात प्रत्येक थकलेल्या हप्त्याची तारीख बघावी लागते. मात्र 15 मार्च 2020 ते 28 फेब्रुवारी 2022 हा काळ सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने मोजणीतून वगळला आहे. हे विसरून 'दावा मुदतबाह्य' म्हणणारे तोंडघशी पडतात. मुदतीच्या आत लेखी कबुली दिली असेल तर तिथून नवी मुदत लागते. म्हणून वसुलीवाल्याने पुढे केलेल्या कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर अंगठा नको.

अर्ज दाखल झाला म्हणून दरखास्त आपोआप थांबत नाही. स्थगितीचा अर्ज त्याच दिवशी द्या. कोर्ट काही रक्कम भरायला लावू शकतं, तयारी ठेवा. लघुवाद (लहान रकमेचा) दावा असेल तर हुकूमनाम्याची रक्कम किंवा तारण आधीच द्यावं लागतं. तोवर बेलिफ आलाच तर दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 60 माहीत असू द्या: शेतीची अवजारं, कसायला लागणारी ढोरं, बियाणं आणि शेतकऱ्याचं राहतं घर सहसा जप्त होत नाही. वावराला मात्र ही सूट नाही.

अर्ज नामंजूर झाला तर त्या आदेशावर अपील आहे. हुकूमनाम्यावर थेट अपीलही करता येतं, पण त्याचा निकाल लागला की हा अर्ज करता येत नाही. वकिलाची फी जड जात असेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. महिला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना तिथे उत्पन्नाची अट नाही.

शेवटचं, पण आधी बघायचं: कागद कोर्टाचाच आहे ना? पतसंस्थेचा सहकार कायद्याच्या कलम 101 चा वसुली दाखला असेल तर वाट वेगळी. पुनरीक्षण (फेरतपासणी) अर्ज सहकार खात्याकडे आणि त्यासाठी 50 टक्के रक्कम भरावी लागते. फायनान्स कंपनीचा लवादाचा (कोर्टाबाहेरच्या पंचाचा) निवाडा असेल तर तो रद्द करायला लवाद कायद्याच्या कलम 34 खाली 3 महिने आणि कारण पटलं तर वर फक्त 30 दिवस. तिथे आदेश 9 चा अर्ज लावत बसलात तर तेवढ्यात ही मुदत निघून जाते.