श्वास मोजताना आणि पाठ ऐकताना

भारतीय परिचर्या परिषदेने २०२१ मध्ये बी.एस्सी. नर्सिंगचा अभ्यासक्रम सत्र पद्धतीवर आणला, तेव्हा हेल्थ असेसमेंटचे, म्हणजे रुग्णाच्या तपासणीचे, मॉड्यूल दुसऱ्या सत्रातील नर्सिंग फाउंडेशन या विषयाला जोडले गेले. निर्णय योग्यच होता. प्रत्यक्षात मात्र डोक्यापासून पायापर्यंतची तपासणी प्रात्यक्षिक परीक्षेपुरती पाठ केली जाते आणि वॉर्डातली पोस्टिंग सुरू झाली की हातात उरतो तो टीपीआर चार्ट, म्हणजे ताप, नाडी आणि श्वसन नोंदवण्याचा तक्ता. हृदयातील मर्मर (ठोक्यांमधला जादा आवाज) आणि क्रेनियल नर्व्हच्या (मेंदूतून निघणाऱ्या नसांच्या) चाचण्या शिकण्याची विद्यार्थिनींना घाई असते. माझ्या मते त्याआधी श्वसनसंस्थेची तपासणी पक्की झाली पाहिजे, म्हणून येथे तेवढ्यावरच लिहिते.

टीपीआर चार्टमधील श्वसनाचा रकाना नीट पाहिला, तर तापाचा आलेख वरखाली होत असतो, नाडी बदलत असते आणि श्वसन मात्र तिन्ही पाळ्यांत २० वर ठाण मांडून बसलेले असते. जिथे मोजले जाते तिथेही १५ सेकंद मोजून चाराने गुणण्याची सवय असते, त्यामुळे १६, २०, २४ आणि २८ यांच्यामधले आकडे उमटतच नाहीत. याने काय बिघडते, हे ब्रिटनमधील रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सच्या ‘न्यूज-२’ या गुणपद्धतीवरून स्पष्ट होते; रुग्णाची प्रकृती किती बिघडते आहे हे तिच्यातून ओळखतात आणि गुण जितके जास्त तितका धोका जास्त. तिच्यात मिनिटाला १२ ते २० श्वासांना शून्य, २१ ते २४ श्वासांना दोन आणि २५ किंवा अधिक श्वासांना तीन गुण आहेत. म्हणजे १५ सेकंदांत पाचाऐवजी सहा श्वास धरले गेले की रुग्ण शून्यावरून दोनवर जातो आणि सात धरले गेले की तीनवर. म्हणून श्वसन पूर्ण एक मिनिटच मोजावे, आणि नाडी मोजून झाल्यावर मनगटावरची बोटे तशीच ठेवून मोजावे, कारण ‘आता तुमचा श्वास मोजते’ असे सांगताच रुग्णाच्या श्वासाची लय बदलते.

त्या एका मिनिटात डोळ्यांनाही पुष्कळ काम असते. मानेचे स्नायू श्वासागणिक ताणले जात आहेत का, बरगड्यांमधली जागा आत ओढली जाते का, रुग्ण हात टेकवून पुढे वाकून बसला आहे का, हे सर्व स्टेथोस्कोप गळ्यातून काढण्याआधी कळते. बोलण्याकडेही लक्ष असावे. खाटेवरच्या आजी ‘रात्रभर झोप लागली नाही गं’ हे एका दमात सांगतात, की ‘रात्रभर... झोप... लागली नाही’ असे तुटक सांगतात, यातला फरक ऑक्सिमीटरवरचा (रक्तातल्या ऑक्सिजनचा) आकडा घसरण्यापूर्वीही दिसू शकतो.

छातीवर बोटाने ठोकून आवाज पाहण्याची पद्धत ऑस्ट्रियातील लिओपोल्ड आउएनब्रुगर या वैद्याने १७६१ मध्ये प्रसिद्ध केली. डाव्या हाताचे मधले बोट बरगड्यांमधल्या जागेत घट्ट टेकवावे, बाकीची बोटे उचललेली ठेवावीत, आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटाने, कोपर न हलवता केवळ मनगटातून, त्यावर ठोका देऊन बोट लगेच उचलावे. विद्यार्थिनींचे बोट बहुधा तिथेच रेंगाळते आणि आवाज दबतो. नुसता ठोका मात्र पुरेसा नसतो. न्यूमोनियाने घट्ट झालेल्या फुप्फुसावर आवाज बद्द येतो आणि छातीत पाणी झाले असले तरी बद्दच येतो. अशा वेळी तळहाताची कड पाठीवर ठेवून रुग्णाला ‘एक, दोन, तीन’ म्हणायला लावावे: घट्ट झालेल्या फुप्फुसावर हाताला कंप जास्त जाणवतो, तर पाणी असलेल्या जागी तो कमी होतो किंवा लागतच नाही.

स्टेथोस्कोपचा जन्म संकोचातून झाला. १८१६ मध्ये पॅरिसमध्ये रने लाएनेक यांना एका तरुण स्त्रीच्या छातीला कान लावणे प्रशस्त वाटेना, तेव्हा त्यांनी कागदाची गुंडाळी करून तिच्यातून हृदयाचे ठोके ऐकले. आपल्याकडे तोच संकोच उलट काम करतो आणि स्टेथोस्कोप ब्लाउजवरून किंवा शर्टावरून टेकवला जातो. कापडाच्या घासण्याचा आवाज, इतकेच काय, छातीवरच्या केसांचा आवाजही क्रॅकल्ससारखा, म्हणजे बिघडलेल्या फुप्फुसातून येणाऱ्या चुरचुर आवाजासारखा, भासतो. पडदा ओढावा, पदर हवा तेवढाच बाजूला करण्याची परवानगी घ्यावी, डायाफ्राम (स्टेथोस्कोपची चपटी चकती) तळहातावर जरा ऊबदार करावा आणि उघड्या त्वचेवर ठेवावा. याला अर्धे मिनिटही लागत नाही.

खरी हयगय पाठीच्या बाबतीत होते. फुप्फुसांचे खालचे भाग मुख्यतः पाठीकडून ऐकू येतात, आणि शस्त्रक्रियेनंतर किंवा बरेच दिवस अंथरुणाला खिळलेल्या रुग्णात बिघाडाची सुरुवात अनेकदा तिथेच होते. तरीही उताण्या रुग्णाच्या छातीवर दोन ठिकाणी स्टेथोस्कोप टेकवून ‘एअर एन्ट्री बायलॅटरली इक्वल’ (दोन्ही बाजूंना हवा सारखी जाते) असे लिहून मोकळे होण्याची पद्धत आहे. रुग्णाला बसवावे, बसवता येत नसेल तर मावशींच्या मदतीने कुशीवर वळवावे. तोंडाने सावकाश दीर्घ श्वास घ्यायला सांगून वरून खाली जात, प्रत्येक पातळीवर डावी बाजू आणि लगेच उजवी बाजू ऐकावी. मध्ये थांबून रुग्णाला उसंत द्यावी, नाहीतर त्याला चक्कर येते. वळवलेच आहे तर माकडहाडाजवळची त्वचाही पाहून घ्यावी, कारण बेडसोअरची पहिली लाली अशीच सापडते.

ही तपासणी डॉक्टरांची, आपली नव्हे, असे अजूनही काही वॉर्डांत ऐकवले जाते, आणि ते मला मान्य नाही. रात्री खाटेजवळ असते ती सिस्टरच. तिने निदान लिहायचे नाही, पण जे आढळले ते नेमके लिहायचे आहे. ‘चेस्टमध्ये क्रॅकल्स’ एवढ्याने डॉक्टरांना फोनवर काहीच बोध होत नाही. ‘पाठीवर उजवीकडे, खालच्या भागात, श्वास आत घेताना बारीक क्रॅकल्स, खोकल्यानंतरही कायम, डावीकडे नाहीत, श्वसन मिनिटाला २६, चार तासांपूर्वी १९’ अशी नोंद असेल, तर ती ऐकून डॉक्टर काय करायचे ते ठरवू शकतात. माझ्याकडे प्रात्यक्षिकाला येणाऱ्या विद्यार्थिनींकडून मी नोंदीत जागा, बाजू, श्वासाचा टप्पा आणि मागच्या वेळेशी तुलना या चारही गोष्टी मागते, आणि त्यातली एक जरी राहिली तरी पुन्हा रुग्णाकडे पाठवते.