काचेच्या बाटलीतला झटका

माझे वडील कोल्ड्रिंक क्वचितच पितात. पण प्यायचेच झाले तर दुकानदाराकडे काचेची बाटली मागतात आणि पहिल्या घोटानंतर 'पूर्वीसारखा झटका राहिला नाही' असे हमखास म्हणतात. कित्येक वर्षे मी ते वयाचे बोलणे समजून सोडून देत आलो. आता मात्र त्यांच्या तक्रारीत पुष्कळ तथ्य आहे असे मला मनापासून वाटते.

कोलाचा अर्क कंपनीकडून येतो, पण त्यात पाणी, साखर आणि वायू मिसळण्याचे काम त्या त्या भागातल्या बाटलीबंद कारखान्यात होते, म्हणून नाव एक असले तरी पेय तंतोतंत एक राहत नाही. अमेरिकेत कोका-कोलात साखरेच्या जागी मक्याचा पाक येऊ लागला आणि १९८४पर्यंत हा बदल पूर्ण झाला. मेक्सिकोहून येणाऱ्या काचेच्या बाटलीत मात्र उसाची साखर असते, म्हणून अमेरिकेत राहणारी माझी बहीण जास्त पैसे मोजून तीच घेते. वल्हांडण सणात अनेक ज्यू घरांत मका वर्ज्य असल्याने त्या दिवसांत पिवळ्या झाकणाच्या, साखर घातलेल्या बाटल्याही तिथल्या दुकानांत येतात.

पण साखरेलाच सगळे श्रेय देणे मला पटत नाही. कोला आम्लधर्मी असतो आणि त्या आम्लात साखर हळूहळू फुटून तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते. मक्याच्या पाकातही मुख्यतः हेच दोन घटक असतात. बाटली जितकी जुनी आणि जितकी उन्हात राहिलेली, तितके हे फुटणे पुढे गेलेले असते.

माझ्या मते खरा फरक वायूचा आहे. कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळला की कार्बोनिक आम्ल तयार होते, आणि आपण ज्याला झटका म्हणतो ती जिभेवरची झिणझिणी मुख्यतः या आम्लामुळे जाणवते. काचेतून हा वायू जात नाही, पण प्लास्टिकच्या बाटलीच्या भिंतीतून तो सतत थोडाथोडा निसटत राहतो. लहान बाटलीत पेयाच्या मानाने भिंत जास्त असल्याने ती लवकर मिळमिळीत होते, आणि तापलेल्या गोदामात ही गळती आणखी वाढते. मागे मी एकाच कोल्याच्या दोन लहान प्लास्टिकच्या बाटल्या, एक त्याच महिन्यातली आणि दुसरी चार महिन्यांपूर्वीची, सारख्याच गार करून वडिलांसमोर ठेवल्या. नवीचे झाकण फिरवताच फस्स असा आवाज झाला आणि फेस गळ्यापर्यंत चढला. जुनीचे झाकण जवळपास मुकाट्याने निघाले.

कृतीच मुद्दाम बदलल्याचीही उदाहरणे आहेत. ब्रिटनमध्ये एप्रिल २०१८पासून १०० मिलिलिटरमागे ५ ग्रॅम किंवा अधिक साखर असलेल्या शीतपेयांवर कर लागला आणि तो टाळण्यासाठी अनेक उत्पादकांनी साखर कमी करून कृत्रिम गोडी वापरली.

वडिलांना मी हे सगळे समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, दुसऱ्या दिवशी दुकानात गेल्यावर काचेची बाटली उजेडाकडे धरली, तिच्यावरची तारीख वाचली आणि ती परत ठेवून मागच्या क्रेटमधली काढायला लावली.